'गेट' काढून 'ऑबटेन' घातलं म्हणजे इंग्रजी सुधारलं असं नाही

प्रश्न गोव्यातल्या डिचोलीच्या एका वडिलांचा आहे. मुलगी बारावीत. चोडणच्या पक्षी अभयारण्यात पिकनिक गेली होती, त्यावर तिनं इंग्रजीत निबंध लिहिला. टीचरनी अकरा ठिकाणी 'गेट' आणि 'गॉट'खाली लाल रेघ मारली नि शेवटी लिहिलं, सिनोनिम वापर. मुलीनं मोबाइलवर सिनोनिम शोधले आणि अकराच्या अकरा जागी ऑबटेन, अक्वायर, प्रोक्युअर असं कायकाय भरून टाकलं, तर टीचर आणखीच भडकल्या. आता वडील म्हणतात, 'गेट'चे सगळे अर्थ आणि प्रत्येकाला पर्यायी शब्द अशी एक लिस्ट द्या.

लिस्ट मी देत नाही हो, आधीच सांगते. एकतीस वर्षं फोंड्याला हायर सेकंडरीत इंग्रजी शिकवलं, आता घरी क्लास घेते आणि थोडं भाषांतराचं काम करते, आणि ह्या लिस्टींनी मुलांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं मोबाइलनंसुद्धा केलं नसेल. कारण लिस्ट म्हणते 'गेट' बरोबर 'ऑबटेन', आणि मूल बिचारं विश्वास ठेवतं. तुमच्या मुलीनं "वी गॉट होम"चं "वी ऑबटेन्ड होम" केलं असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे "आम्ही घर प्राप्त केलं". टीचर चिडतील नाहीतर काय.

आधी एक करा. इंग्रजी बाजूला ठेवा आणि आपलं 'लागणे' घ्या. भूक लागली, ठेच लागली, आग लागली, नोकरी लागली, निकाल लागला, डोळा लागला, दूध तळाला लागलं, पोराला नाद लागला, फोंड्याला जायला पाऊण तास लागतो, गाडी लागते म्हणून ती पुढच्या सीटवर बसते, उद्या लवकर उठावं लागेल, आणि मग ती रडायला लागली. आता एखाद्या परदेशी माणसानं मला विचारलं की टीचर, 'लागणे'चा अर्थ काय आणि सिनोनिम काय, तर मी काय सांगू? 'स्पर्श होणे' म्हणून सांगितलं तर तो 'मला नोकरी स्पर्श झाली' म्हणेल. आपल्याला कधी कुणी 'लागणे'ची लिस्ट पाठ करायला दिली नाही, आपण 'भूक लागली' हे अख्खंच्या अख्खं उचललं, 'निकाल लागला' अख्खं उचललं. अर्थ एकट्या 'लागणे'त नसतोच, तो शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतो. 'गेट'चंही तेच आहे, आणि गंमत म्हणजे कितीतरी ठिकाणी दोघं एकमेकांच्या घरात जाऊन बसतात. नोकरी लागली म्हणजे गॉट अ जॉब. जावं लागेल म्हणजे हॅव गॉट टू गो. कामाला लागू या म्हणजे लेट्स गेट टू वर्क. हे मी वर्गात फळ्यावर लिहायची तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा वर बघायची.

(थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री 1579 मध्ये गोव्यात आला आणि पुढे त्यानं मराठीत दहा हजारांवर ओव्यांचं क्रिस्तपुराण रचलं, ते 1616 मध्ये छापलं गेलं. त्या माणसानं आपलं 'लागणे' कसं पचवलं असेल हा विचार माझ्या डोक्यात नेहमी येतो. तो दक्षिण गोव्यातल्या साष्टीच्या लोकांत राहिला, बोलला, ऐकलं, दुसरा उपाय नव्हताच.)

असली क्रियापदं सगळ्यांनाच छळतात, इंग्रजांनाही. सॅम्युअल जॉन्सननं 1755 मध्ये आपला मोठा शब्दकोश काढला त्याच्या प्रस्तावनेतच त्यानं गेट, टेक, पुट, सेट, रन असल्या शब्दांची नावं घेऊन तक्रार केलीय की ह्यांचे अर्थ इतके सैल नि पसरलेले की त्यांना व्याख्येत बांधणं कठीण. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989च्या आवृत्तीत एकट्या 'सेट'चे 430 अर्थ दिलेत आणि नव्या कामात 'रन' तर 645वर गेलंय. तेव्हा मुलीला सांगा की ती एकटी गोंधळलेली नाही.

आता हे एवढे जड पर्याय आले कुठून. 'गेट' हा शब्द इंग्रजीत आणला तो व्हायकिंग लोकांनी, म्हणजे उत्तरेकडून समुद्रावरून येऊन इंग्लंडात वस्ती केलेले लोक, त्यांच्या बोलीतलं 'गेटा'. त्याचंच नातलग जुन्या इंग्रजीत आधीपासून होतं, ते आपल्याला आजही 'फरगेट'मध्ये दिसतं. म्हणजे हा शेताभातातला, घरातला, बंदरावरचा शब्द. आणि ऑबटेन, रिसीव्ह, अक्वायर हे आले लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेनं, 1066 नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्यांचं राज्य आलं तेव्हापासून, दरबार, कोर्ट, चर्च, दस्तऐवज ह्यांच्यातून. आपल्याकडे 'मिळणे' आणि 'प्राप्त होणे' जसं. "आपले दिनांक अमुकचे पत्र प्राप्त झाले" हे ऑफिसात शोभतं. घरी कुणी "आई, चहा प्राप्त झाला" म्हटलं तर आई कपाळाला हात लावून ताप बघेल. बस, 'ऑबटेन' म्हणजे 'प्राप्त करणे' एवढं डोक्यात ठेवलं तरी निम्म्या चुका जातात.

माझे वडील पोर्तुगीज शाळेत शिकलेले, सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे तिथल्या प्राथमिक शिक्षणापर्यंत, इंग्रजी नंतर स्वतःच्या हिमतीवर शिकले. त्यांना ऑबटेन, रिसीव्ह, अक्वायर हे शब्द कधीच अडले नाहीत, कारण पोर्तुगीजमध्ये ओब्तेर, रेसेबेर, अद्किरिर आहेतच, लॅटिनचीच लेकरं. पेपरातला अग्रलेख ते घडाघडा वाचायचे. आणि 'गेट बाय', 'गेट अवे विथ इट' आलं की चष्मा काढून माझ्याकडे बघायचे. आपल्या मुलांचं नेमकं उलटं, त्यांना टीव्ही नि रील बघून बघून 'गेट' येतं, ऑबटेन कुठे बसतं ते येत नाही.

तर मिळण्याच्या अर्थाचा 'गेट' आधी, कारण सगळी गडबड इथेच होते. स्वतःला विचारायचं की ही वस्तू आपल्याकडे आली कशी. काही न करता आली, पत्र, बक्षीस, मेसेज, तर 'रिसीव्ह'. खटपट करून, अर्ज करून, रांगेत उभं राहून मिळवली, म्हणजे मामलेदार कचेरीतून दाखला, परवानगी, लायसन, तर 'ऑबटेन'. हळूहळू जमत गेली आणि आपली झाली, जमीन, एखादं कौशल्य, सवय, तर 'अक्वायर'. काम करून पैसे मिळाले तर 'अर्न', मेहनतीनं मान मिळाला तरी 'अर्न'च. दुकानातून आणलं तर सरळ 'बाय', त्यात लाज कसली, 'परचेस' बिलावर ठेवा. चवथीच्या माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं नि वेली बांधतात त्या सजावटीचं, उदाहरण मी दर वर्षी द्यायची. नारळ नि सुपारी बाजारातून आणली, बॉट. रानात जाऊन फळं नि वेली गोळा केल्या, गॅदर्ड. शेजारच्या काकींनी आपल्या परसातलं तोरिंजन पाठवलं, रिसीव्ह्ड, किंवा घरगुती सांगायचं तर शी गेव्ह अस. घरी बोलताना तिन्ही ठिकाणी 'वी गॉट' चालतं आणि ते चुकीचं अजिबात नाही, फक्त 'गॉट' म्हटल्यावर कसं आणलं ते कळत नाही. निबंधात पर्यायी शब्द वापरायचा तो ह्यासाठी, जास्त माहिती देण्यासाठी. भारी दिसण्यासाठी नव्हे.

'प्रोक्युअर'पासून मात्र मुलीला लांबच ठेवा. तो सरकारी खरेदीचा शब्द, भात खरेदी, औषध खरेदी, टेंडर वगैरे. आणि त्याला एक वाईट अर्थही आहे, बायका पुरवण्याच्या धंद्याचा. माझा एक जुना विद्यार्थी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला लागला, हुशार पोरगा, त्यानं एका विलायती पाहुण्याला ईमेल केला की तुमच्यासाठी आम्ही एक लेडी गाइड प्रोक्युअर करू. त्याला म्हणायचं होतं अरेंज. पाहुण्यानं त्यावर काय लिहिलं ते मी इथे सांगत नाही, पण तो पोरगा अजून भेटला की टीचर तो शब्द नको म्हणून हात जोडतो.

'आणून दे' ह्या अर्थाचा 'गेट' वेगळा. "गेट मी माय स्पेक्स." इथे पर्याय 'फेच' आणि 'ब्रिंग', आणि दोघांत फरक आहे. 'फेच' म्हणजे इथून जा, घे नि परत ये. 'ब्रिंग' म्हणजे येताना घेऊन ये. नवरा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आहे आणि तुम्ही फोन केला की येताना चोरिझ (गोव्याचं सॉसेज) घेऊन या, तर 'ब्रिंग'. तो घरात सोफ्यावर बसलाय आणि उठवून पाठवायचाय, तर 'फेच', अर्थात तो उठला तर.

आता 'होणे'. वेट, टायर्ड, अँग्री, ओल्ड, डार्क ह्यांच्याआधी येणारा 'गेट'. इथे लिस्ट 'बिकम' देते आणि व्याकरणात ते बसतं, पण पुस्तकी वाटतं. "आय बिकेम वेट इन द रेन" असं कुणी बोलत नाही. ह्या जागी इंग्रजीत प्रत्येक गोष्टीचं आपलं आपलं ठरलेलं क्रियापद असतं. दूध टर्न्स सावर, मासे गो बॅड, माणूस ग्रोज ओल्ड, केस टर्न किंवा गो ग्रे, डोकं फिरलं तर गोज मॅड. का, ह्याला मी कधी समाधानकारक उत्तर देऊ शकले नाही. आपल्याकडे दूध नासतं, मासे कुजतात, भात आंबतो, लोणच्याला बुरशी येते, कुणी विचारलं का तर काय सांगणार. साधारण बघायचं तर 'गो' बहुतेक बिघडण्याकडे जातं, 'ग्रो' सावकाश होणाऱ्याकडे, 'टर्न' रंग नि चव पालटण्याकडे, पण ह्यावर फार भार टाकू नका. मुलीनं लिहिलं होतं "सर गॉट अँग्री". तिथे 'बिकेम' घालण्यापेक्षा सर काय झाले ते लिहावं, लॉस्ट हिज टेंपर, शाउटेड ॲट अस, जे खरं असेल ते.

आणि एक सापळा. हा 'होणे'वाला 'गेट' विशेषणाबरोबर चालतो, नामाबरोबर नाही. एका पालकांनी मला अभिमानानं सांगितलं, "माय सन गॉट अ डॉक्टर." मी घाबरून विचारलं, कोण आजारी आहे? कारण त्या वाक्याचा अर्थ मुलानं डॉक्टरला आणलं असा होतो. डॉक्टर झाला असेल तर 'बिकेम अ डॉक्टर'. इथे 'बिकम' पाहिजेच.

पोचण्याचा 'गेट' सोपा आहे पण त्याचा पर्याय घेताना 'टू' कुठे ठेवायचा आणि कुठे काढायचा त्यात आपले सगळे पडतात. गॉट टू चोडण. पण रीच्ड चोडण, मध्ये 'टू' नाही. अराइव्ह्ड इन गोवा, अराइव्ह्ड ॲट द जेटी, म्हणजे मोठ्या प्रदेशाला 'इन' आणि ठरावीक ठिकाणाला 'ॲट'. आणि 'होम'ला काहीच नको, गॉट होम, रीच्ड होम. "रीच्ड टू ऑफिस" हा मेसेज माझ्या मोबाइलवर रोज सकाळी येतो, सुनेचा. मी काही बोलत नाही, घरात शांतता हवी.

चढण्याउतरण्याचा 'गेट' म्हणाल तर त्यासाठी गोव्यासारखी जागा नाही. कदंब बसमध्ये उभं राहता येतं, चालता येतं, तिथे गेट ऑन, गेट ऑफ. कारमध्ये, रिक्षात वाकून शिरावं लागतं, तिथे गेट इन, गेट आउट. ज्यावर टांग टाकून बसतो त्याला परत ऑन-ऑफ, म्हणजे आपल्या पायलटच्या (भाड्यानं मोटरसायकलवर नेणाऱ्याच्या) मोटरसायकलवर गेट ऑन. रिबंदरच्या फेरीवर चढलात, गेट ऑन द फेरी, भले तुम्ही कारमध्ये बसूनच चढलात, आणि फेरीत कारमधून उतरून वाऱ्याला उभं राहायचं तर गेट आउट ऑफ द कार. आपण जे सर्रास "आय विल गेट डाउन ॲट फर्मागुडी" म्हणतो ते आपलं भारतीय इंग्रजी, इथे सगळ्यांना कळतं आणि मला ते चुकीचं वाटत नाही, पण लंडनच्या ड्रायव्हरला सांगितलं तर तो जरा थांबेल, तिकडे 'गेट ऑफ' म्हणतात. परीक्षेत 'गेट ऑफ' किंवा 'अलाइट' लिहा, बोलताना मात्र 'अलाइट' नको, ते रेल्वेच्या अनाउन्समेंटला राहू दे.

करवून घेण्याचा 'गेट' मला सगळ्यात आवडतो कारण इथे मराठी माणूस आधीच पुढे असतो. आपल्याकडे 'केस कापले' आणि 'केस कापून घेतले' हा भेद आहे. इंग्रजीतही आहे. "आय कट माय हेअर" म्हणजे आरशासमोर स्वतः कात्री चालवली. सलूनमध्ये गेलात तर "आय गॉट माय हेअर कट". स्कूटर दुरुस्त करून घेतली, गॉट द स्कूटर रिपेअर्ड. ह्याला पर्याय 'हॅव', हॅड इट रिपेअर्ड, थोडं जास्त नीटनेटकं. आणि माणसाकडून काम करून घ्यायचं असेल तर 'गेट'नंतर 'टू' लागतो, आय गॉट हिम टू साइन, पण आय मेड हिम साइन, इथे 'टू' नाही. अर्थही वेगळा. 'मेड'मध्ये जबरदस्ती, 'गॉट'मध्ये गोडीगुलाबी, युक्ती, कधी चहा पाजून. पर्याय म्हणून 'पर्सुएडेड' छान बसतो.

अंगावर आलेलं काही सांगायला पण 'गेट', गॉट हर्ट, गॉट स्टोलन, गॉट मॅरिड. (लग्न ह्याच रांगेत येतं ह्यावर वर्गात दरवर्षी कुणीतरी विनोद करायचंच.) गॉट मॅरिडच्या पुढे 'टू' येतो, 'विथ' नाही. औपचारिक लिहायचं तर 'गॉट'च्या जागी 'वॉज' किंवा 'वेअर', तेवढंच. कळण्याच्या अर्थाला 'अंडरस्टँड', वर्गात 'फॉलो', नीट ऐकू आलं नाही तर 'कॅच'. तुमच्या मुलीचं "आय डिड नॉट गेट द नेम ऑफ द बर्ड" हे 'कॅच'वालं आहे, गाइडनं नाव सांगितलं आणि तिला ऐकू आलं नाही. आजाराला बोलताना 'कॅच', डॉक्टरी रिपोर्टात 'कॉन्ट्रॅक्ट'.

कोकणी बोलणाऱ्या घरातल्या मुलांना मी आणखी एक सांगायची. 'म्हाका बस मेळ्ळी ना' (मला बस मिळाली नाही) ह्यातलं 'मेळप' हे 'गेट'चं सख्खं भावंड म्हणायला हरकत नाही, वस्तूही मेळते आणि मित्रही मेळतो. पण इंग्रजीत मित्र 'गेट' होत नाही, 'मीट' होतो. "आय गॉट माय फ्रेंड ॲट पणजी" लिहिलं की मी मार्जिनमध्ये विचारायची, केवढ्याला?

अमेरिकेतलं 'गॉटन' बरोबर की चूक असंही तुम्ही विचारलंय. बरोबर, तिकडचं आहे आणि जुनं आहे, ब्रिटनमध्ये ते मागे पडलं, 'फरगॉटन'मध्ये मात्र उरलं. आपल्या बोर्डाला 'गॉट'च लिहा.

आता निबंधाकडे. टीचर चुकल्या असं मी म्हणणार नाही, दीड पानात अकरा 'गेट' म्हणजे खिचडीत अकरा वेळा मीठ. पण सगळे काढायचे नाहीत. "वी गॉट अप ॲट फाइव्ह" राहू दे, 'वोक अप' म्हणजे जाग आली, 'गॉट अप' म्हणजे अंथरूण सोडलं, आणि पिकनिकच्या दिवशी ह्या दोन्हीत अर्धा तास जातो हे तिला माहीत असेलच. "गॉट द फेरी" बदला, धावत जाऊन पकडली असेल तर 'कॉट', आरामात गेले असतील तर 'टुक'. अभयारण्यात 'गॉट टू'च्या जागी 'रीच्ड'. पाव-भाजी 'बॉट'. पावसात 'गॉट वेट'च्या जागी, खरंच नखशिखांत भिजले असतील तर 'वेअर सोक्ड', नुसते शिंतोडे आले असतील तर आहे तेच ठेवा, उगाच भिजवू नका. डासांचं वाक्य, मैत्रिणीला चावलेल्या, "गॉट बिटन", तेही राहू दे, ते बोलण्यात तसंच येतं.

"वी गॉट टू सी अ किंगफिशर" ह्याला मोबाइलनं 'ऑबटेन्ड टू सी' केलंय ते आधी खोडा. खंड्या दिसला हे नशीब होतं, आणि 'गॉट टू सी'मध्ये ते नशीब आहे, दुसऱ्या कुठल्या एका शब्दात एवढ्या सहज येत नाही. टीचरनी हट्टच धरला तर 'वेअर लकी टू सी' करा.

आणि शेवटचं वाक्य, "वी गॉट होम ॲट सेव्हन, टायर्ड अँड हॅपी". ह्याला हात लावू नका. टीचरना माझं नाव सांगा हवं तर, फोंड्यात बऱ्याच जणी माझ्याच विद्यार्थिनी आहेत.